चामड्याचे ऋतुमान

आश्विन लागला, पावसाने काढता पाय घेतला, धानाच्या बांध्यांत लोंब भरू लागली आणि घरोघरी दिवाळीच्या साफसफाईला आरंभ झाला, की चंद्रपूर व गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांतील जुन्या घरांच्या फडताळांतून, लोखंडी पेट्यांतून आणि भिंतींच्या खुंट्यांवरून ज्या वस्तू उजेडात येतात, त्यांत चामड्याच्या वस्तू बऱ्याच असतात. निवृत्त वनपालाचा रुंद पट्टा आणि त्याच्या दुर्बिणीचे घर, पटवाऱ्याच्या दप्तराची चामडी पिशवी, तेंदूपत्त्याच्या हंगामात फडमुन्शी जवळ बाळगी ती पैशांची थैली, शाळामास्तरांच्या सायकलचे ताठ झालेले आसन, झाडीपट्टीतल्या नाटकमंडळीची ढोलकी, आणि एखाद्या मालगुजाराच्या वाड्यात तर आजोबांच्या घोड्याचे खोगीर. या साऱ्यांवर या दिवसांत एकच कळा आलेली असते. पृष्ठभाग पांढुरका दिसतो, नाकाला कोंदट वास येतो, आणि घरातील माणसे एक तर ती वस्तू ओल्या फडक्याने पुसून कडक उन्हात टाकतात, किंवा तिच्यावर खोबरेलाचा सढळ हात फिरवतात. दोन्ही उपाय ममतेने योजलेले असतात आणि दोन्हींनी वस्तूचे आयुष्य घटते. या लेखात मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच की चामडे राखण्याचे शास्त्र हे मुख्यतः संयमाचे शास्त्र आहे, आणि या मुलखात तो संयम ऋतुमान पाहून पाळावा लागतो.

प्रथम त्या पांढऱ्या थराचाच विचार करू. कारण तो दोन सर्वस्वी भिन्न कारणांनी येतो आणि कारण न ओळखता केलेला उपचार बहुधा उलटाच पडतो. एक थर बुरशीचा. हवेतील सापेक्ष आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर जाऊन काही दिवस तेथेच राहिली की चामड्यातील स्निग्धांशावर आणि त्यावर साचलेल्या घामा-धुळीवर बुरशी पोसते. तिचे ठिपके विस्कळीत असतात, भिंगातून पाहिले तर तंतू दिसतात, आणि पुसल्यावरही खाली डाग उरतो. दुसरा थर चरबीचा. पूर्वी कधीतरी भरपूर चोळलेल्या तेलातील घट्ट होणारा अंश थंडीत पृष्ठभागावर येऊन गोठतो, तेव्हा वस्तूवर एकसारखी, मेणचट पांढुरकी झाक चढते. परीक्षा सोपी आहे: तळहाताची ऊब त्या जागेवर थोडा वेळ धरावी किंवा केस वाळविण्याच्या यंत्राची मंद उष्ण हवा दुरून सोडावी, थर विरघळून दिसेनासा झाला तर ती चरबी, तसाच राहिला तर ती बुरशी. चरबीला कोरड्या मऊ फडक्याने उबेत टिपून घेण्यापलीकडे काही करावे लागत नाही. बुरशीसाठी मात्र वस्तू घराबाहेर न्यावी, कारण आत झटकल्यास बीजाणू उडून शेजारच्या पुस्तकांवर आणि कपड्यांवर बसतात. नाकाला फडके बांधावे, मऊ कुंचल्याने थर झाडावा, आणि नंतर निम्मे स्पिरिट व निम्मे पाणी यांत भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने ओझरते पुसावे. स्पिरिटाने रंग जातो की काय हे आधी आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर पाहून घ्यावे. मग सावलीत, वारा खेळता असेल तेथे, वस्तू वाळू द्यावी.

ऋतुमानाचा मुद्दा मी आग्रहाने मांडतो त्याचे कारण या प्रांताचे हवामान आहे. वर्धा, वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावती या नद्यांच्या या मुलखात पावसाळा भरपूर. वर्षाकाठी सरासरी १२०० ते १५०० मिलिमीटर पाऊस पडतो, दक्षिणेकडे भामरागडच्या अंगाला पर्लकोटेच्या पुराने रस्ते बंद होण्याची कथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि आषाढ-श्रावणात घरातील मिठाच्या बरणीत पाणी सुटते. त्याच चंद्रपुरात आणि ब्रह्मपुरीत वैशाखातील दुपारी पारा ४६-४७ अंशांना जाऊन भिडतो आणि हवा इतकी कोरडी होते की लाकडी चौकटीही तडकतात. निरोगी चामड्यात त्याच्या वजनाच्या सुमारे १२ ते १८ टक्के पाणी असते. ते पावसाळ्यात वाढते, उन्हाळ्यात घटते, आणि दर वर्षी तंतू फुगून पुन्हा आकसतात. जेथे वस्तू दुमडते, वाकते, घासते तेथे हे आकसणे प्रथम भेगेच्या रूपाने दिसू लागते. कोरड्या किंवा समशीतोष्ण मुलखातील पुस्तकी सूचना येथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत, हे त्यामुळेच. येथे मृगापूर्वी तेल देणे म्हणजे बुरशीला भोजन वाढणे होय, आणि चैत्र लागण्यापूर्वी ते न देणे म्हणजे भेगेला आमंत्रण. तेलपाण्याचे काम वर्षातून एकदा, फार तर दोनदा. आणि त्याची योग्य वेळ हिवाळा संपता संपता, माघ-फाल्गुनात, हे या प्रांतापुरते निश्चित समजावे.

कच्चे कातडे कुजते आणि कमावलेले चामडे टिकते, याचे कारण कातड्यातील कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंना कषाय द्रव्ये परस्परांशी बांधून टाकतात. ही कषाय द्रव्ये या अरण्यांत विपुल आहेत. ऐनाची साल, अर्जुनाची साल, बाभळीची साल, धावड्याची पाने, तरवडाची साल आणि या सर्वांत श्रेष्ठ असा हिरडा, ज्याच्या वाळलेल्या फळात सुमारे तीस टक्के कषायांश असतो, ही सारी द्रव्ये कातडी कमावणाऱ्याच्या कुंडात पडत आली. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या सरकारी गॅझेटियरात चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, शहराच्या हस्तव्यवसायांत रेशीमकाठी कापड, पितळी भांडी आणि बांबूकाम यांच्या पंक्तीला चामडी चपलांची नोंद आहे, ती काही योगायोगाने नव्हे. रान जवळ होते, गुरे पुष्कळ होती, आणि कसबी हात होते.

या कषायांच्या दोन जाती आहेत आणि घरातील वस्तूच्या प्रकृतीचा पुष्कळसा उलगडा त्यांवरून होतो. हिरड्यातील कषाय जलविघटनशील. तरवडाच्या आणि बाभळीच्या सालीतील कषाय संघनित. पुस्तकबांधणीची चामडी इतक्या लवकर का नासतात याचा शोध घेण्यासाठी लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने १९०० साली एक समिती नेमली होती. तिच्या पाहणीत सर्वांत वाईट ठरली ती हिंदुस्थानातून जाणारी, तरवडाने कमावलेली शेळ्यामेंढ्यांची कातडी. आणि सुमाकासारख्या जलविघटनशील कषायांनी कमावलेली चामडी पुष्कळ अधिक टिकली. हिरडा त्याच जलविघटनशील कुळातला. आपल्या घरातील जुने, पिवळसर-तांबूस चामडे तरवडाचे की हिरड्याचे हे नुसत्या डोळ्यांनी सांगणे कठीण असले, तरी ज्याच्या कडा हाताळताना विटकरी भुकटी सुटते ते बहुधा तरवडाचे असते. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिणार आहे.

हिरड्याचाच आणखी एक गुण येथे सांगितला पाहिजे. पूर्वी वह्या-दस्तऐवजांची काळी शाई हिरडा आणि हिराकस यांपासून करीत. कषाय आणि लोह एकत्र आले की निळसर काळा रंग उत्पन्न होतो. हीच क्रिया लोखंडी पेटीत ठेवलेल्या चामडी पिशवीच्या तळाशी दर पावसाळ्यात घडत असते. गंजलेल्या बकलाभोवती, खिळ्याभोवती, पेटीच्या पत्र्याला टेकलेल्या बाजूला जे काळे डाग पडतात ते मळाचे नव्हेत, ती अक्षरशः शाई आहे, आणि घासून ती जात नाही. घासण्याच्या भरात वरचा पापुद्रा मात्र जातो. पेटीत आधी जाड सुती कापड अंथरावे, बकलांच्या मागे कागदाची घडी सरकवावी, आणि जो डाग पडला आहे तो त्या वस्तूच्या इतिहासाचा भाग म्हणून राहू द्यावा.

येथवर सांगितली ती वनस्पतिज कमावणी; क्रोम पद्धतीचा प्रकार निराळा. मद्रासेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १९०३ च्या सुमारास तिचे प्रयोग करून ती या देशात आणली, आणि आज दुकानात मिळणारे बहुतेक बूट, पाकिटे व पट्टे तिनेच कमावलेले असतात. कापलेल्या कडेकडे पाहावे: आतला गाभा निळसर-करडा असेल तर क्रोम, तपकिरी असेल तर वनस्पतिज. क्रोमचे चामडे पाण्याला आणि उष्णतेला अधिक सोसते. वनस्पतिज चामडे ओले असताना चुलीजवळ किंवा शेगडीजवळ नेले तर आकसून शिंगासारखे कठीण होते आणि ती हानी भरून येत नाही. आणि ज्यांचे पापुद्रे सोलून निघत आहेत, ज्यांच्या उलट्या बाजूला विणलेले कापड दिसते, ती चामडी नव्हेतच. ते रेक्झिन किंवा पॉलियुरेथेनचा लेप दिलेले कापड असते आणि दमट हवेत त्या लेपाचे रासायनिक विघटन होते. त्यावर तेल, मलम, मेण यांपैकी कशाचाही उपयोग नाही. हे सांगणे कटू असले तरी सांगितले पाहिजे, कारण दर दिवाळीला कित्येक बाटल्या अशा वस्तूंवर व्यर्थ रित्या होतात.

आता स्वच्छतेकडे वळू. चिखलाने माखलेला बूट प्रथम वाळू द्यावा. ओला चिखल पुसला तर तो रंध्रांत शिरतो, वाळलेला झाडला तर गळून पडतो. आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत, ते दर काही तासांनी बदलावेत, आणि वाळविण्याचे काम सावलीत होऊ द्यावे. ज्यांना मळ धुऊनच काढावयाचा आहे त्यांनी कपड्याचा साबण, धुण्याचा सोडा आणि पावडर यांना स्पर्शही करू नये. चामड्याची प्रकृती आम्लधर्मी आहे, हे पदार्थ क्षारधर्मी आहेत, आणि क्षाराने तंतूंना बांधणारी कषाये सुटू लागतात. या रानातला रिठा त्या कामी उत्तम आहे: दोन-चार रिठ्यांची टरफले रात्रभर पाण्यात भिजवावीत, सकाळी ते पाणी घुसळावे, आणि फक्त वरचा फेस मऊ फडक्यावर घेऊन लहान लहान भागांवर फिरवावा, पाणी चामड्यात मुरू देऊ नये. लागलीच दुसऱ्या, किंचित ओलसर फडक्याने तो फेस टिपून घ्यावा. घामाचे पांढरे मीठ पट्ट्याच्या आतल्या बाजूस दिसते, तेही याच रीतीने जाते. स्वेडसारख्या लवदार चामड्याला फेसही नको. त्याला कोरडा कुंचला आणि खोडरबर एवढेच पुरे.

तेलाचे प्रकरण अधिक नाजूक. पूर्व विदर्भात धानाच्या मागून उतेरा म्हणून लाखोळी आणि जवस पेरतात, त्यामुळे जवसाचे तेल घरात असते आणि ते चामड्याला लावण्याचा मोह होतो. तो टाळावा. जवसाचे तेल हवेत वाळून राळेसारखा कठीण पापुद्रा धरते. लाकडाला तो गुण उपकारक, पण चामड्याला अपायकारक, कारण तंतू एकमेकांवर सरकेनासे होतात आणि पहिल्याच घडीवर तडा जातो. मोहाच्या बियांचे तेल, ज्याला इकडे टोळीचे तेल म्हणतात, ते वाळत नाही आणि मुरतेही चांगले. पण ते साधारण पंचवीस अंशांच्या आसपास गोठते, आणि पौषात गडचिरोलीच्या रात्री त्याच्या कितीतरी खाली उतरतात. आरंभी वर्णिलेली मेणचट पांढुरकी झाक अनेक घरांत या तेलामुळे आणि खोबरेलामुळेच आलेली असते. करंजाचे तेल कमावणारे कारागीर वापरीत आले आहेत, परंतु त्याचा उग्र वास घरातल्या वस्तूला सोसत नाही. एरंडेल मात्र न वाळणारे, थंडीत पातळ राहणारे आणि सहसा न खवटणारे आहे. अल्प प्रमाणात ते या सर्वांत निर्धोक वाटते.

हे अल्प प्रमाण किती, याविषयी लोकांची सर्वांत अधिक दिशाभूल होते. पट्ट्यासारख्या वस्तूला चार-सहा थेंब पुष्कळ झाले. ते वस्तूवर न ओतता फडक्यावर घ्यावेत, फडके स्वतःवरच चोळून तेल सर्वत्र पसरवावे, आणि मग हलक्या हाताने एकदा फिरवून वस्तू एक रात्र तशीच ठेवावी. दुसऱ्या दिवशी बोटाला तेलकटपणा लागला तर ते अधिक झाले असे समजून कोरड्या फडक्याने टिपावे. तंतूंना स्नेह हवा तो एकमेकांवर सरकण्यापुरता. त्याहून अधिक दिला तर चामडे सैल होते, ताणले जाते, धूळ धरते, काळवंडते, आणि शिवणीचा दोरा कुजतो. ग्रंथालये आणि वस्तुसंग्रहालये यांतील जाणकारांनीही गेल्या काही दशकांत जुन्या चामड्याला नियमाने तेल देण्याचा शिरस्ता सोडून दिला आहे, कारण त्याने नासणे थांबत नाही असे त्यांच्या अनुभवास आले. रोज वापरातल्या, वाकणाऱ्या वस्तूला तेल. नुसत्या जपून ठेवलेल्या वस्तूला नाही, हा भेद मनात पक्का असावा.

ज्यांना पाण्यापासून थोडे संरक्षण हवे आहे त्यांनी मेणाचे मलम करावे. या रानात आग्या मोहोळाचा मध काढणारे लोक आहेत आणि शुद्ध मेण मिळविणे कठीण नाही. एक भाग मेण आणि तीन ते चार भाग एरंडेल एका वाटीत घेऊन ती वाटी उकळत्या पाण्याच्या भांड्यात धरावी. मेण सुमारे ६३ अंशांना वितळते, त्यामुळे प्रत्यक्ष ज्वाळेवर ठेवण्याचे कारण नाही आणि तसे करणे धोक्याचेही आहे. निवल्यावर जे मऊ मलम होते ते बुटाच्या टाचेला, शिवणींना आणि तळव्याच्या सांध्यांना बोटाने चोळावे, वेळ जाऊ द्यावा, आणि केसाळ कुंचल्याने झळाळी आणावी. डबीतल्या पॉलिशमध्येही मूलतः मेण, टर्पेंटाइन आणि रंग हेच असते. त्याने तेज येते, पोषण होत नाही.

येथवर अरण्याच्या बाजूने लिहिले. चंद्रपूर शहराची गोष्ट वेगळी आहे. दगडी कोळशाच्या खाणी आणि १९८० च्या दशकात सुरू होऊन आज २९२० मेगावॉट क्षमतेला पोचलेले महाऔष्णिक वीज केंद्र यांच्या सान्निध्यात हे शहर वसलेले आहे, आणि कोळसा जळला की त्यातील गंधकाचा डायऑक्साइड वायू होतो. वनस्पतिज चामडे हा वायू शोषून घेते. त्यातील सूक्ष्म लोहाच्या साहाय्याने त्याचे गंधकाम्ल बनते, आणि ते आम्ल आतून तंतू तोडीत जाते. लंडनच्या समितीलाही दिव्यांच्या वायूच्या धुरात हाच गुन्हेगार सापडला होता. पृष्ठभागाची विटकरी भुकटी होणे हे त्या रोगाचे अखेरचे लक्षण. तेथे तेल लावले तर भुकटीचा चिखल होतो आणि चामडे काळे पडते. पाणी लावले तर तत्क्षणी ते करपल्यासारखे आकसते. या अवस्थेला घरगुती उतारा नाही. क्लुसेल-जी नावाचे सेल्युलोजजन्य द्रव्य स्पिरिटात विरघळवून लावल्यास भुकटी धरून राहते, पण तुटलेला तंतू जुळत नाही. म्हणून आजोबांच्या चामडी बांधणीच्या पोथ्या, कायद्याची पुस्तके, कचेरीच्या वह्या ज्यांच्याकडे शहरात आहेत त्यांनी त्या बंद कपाटात, स्वच्छ सुती कापडात गुंडाळून ठेवाव्यात. प्लास्टिकच्या पिशवीत मात्र नको, कारण तीत ओल कोंडते.

तेल ज्याला मुळीच लावावयाचे नाही अशी आणखी एक वस्तू या प्रांतात घरोघरी नसली तरी गावोगावी आहे. दिवाळी सरली की वडसा, म्हणजे देसाईगंज, येथील नाटकमंडळ्या बाहेर पडतात आणि होळीपर्यंत झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम रात्रीमागून रात्र रंगतो. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा उभ्या महाराष्ट्राचे लक्ष तिच्याकडे गेले. या मंडळ्यांची ढोलकी, दंडारीतले ढोल, गोंड वस्त्यांतील वाद्ये, ही सर्व कमावलेल्या चामड्याने नव्हे तर कच्च्या, केवळ वाळविलेल्या कातड्याने मढविलेली असतात. त्यांचा स्वर कातड्याच्या ताणावर अवलंबून असतो. तेल त्या ताणाला मारते, आणि दव पडलेल्या रात्री ओल शोषून कातडे सैल झाल्यावर स्वर उतरतो. डफाला शेकोटीची धग दाखवून तो चढविण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. ती धग हाताला सोसेल इतकीच असावी आणि वाद्य सतत फिरते ठेवावे, कारण एकाच जागी तापलेले कच्चे कातडे ठिसूळ होऊन थापेसरशी फाटते. पावसाळ्यात या वाद्यांचे दोर सैल करून, कापडी खोळीत, जमिनीपासून उंच टांगून ठेवावे. कच्च्या कातड्यावर उंदीर आणि कातडे पोखरणारे भुंगेरे तुटून पडतात. खोळीत टाकलेला वाळलेला कडुनिंबाचा पाला कीटकांना थोडाफार आवर घालतो, पण पाला ओला असेल तर तो आपली ओल घेऊन येतो.

जुन्या वाड्यांतून आणखी एक प्रकार निघतो, त्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. ताडोबाला १९५५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळण्यापूर्वी आणि त्यानंतरही काही काळ हा मुलूख शिकाऱ्यांचा होता. सांबराच्या मऊ कातड्याचे जोडे, चितळाची अजिने, क्वचित बिबट्याचे किंवा वाघाचे कातडे पूर्वजांच्या काळापासून पडून असते. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमान्वये अशा वस्तूसाठी मालकीचे प्रमाणपत्र लागते. २००३ च्या दुरुस्तीनंतर ती विकता येत नाही, भेट देता येत नाही. केवळ वारसाने येऊ शकते, आणि वारसाने आल्यावर नव्वद दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसे निवेदन करावे लागते. कागद नसेल तर वस्तू दुरुस्तीला देण्यापूर्वी वनखात्याच्या कचेरीत जावे. शिवाय अशा जुन्या कातड्यांना कीड लागू नये म्हणून सोमल चोळण्याची पद्धत होती, आणि सोमलाचे विष कालांतराने जिरत नाही. उघड्या हाताने ती झाडू नयेत आणि मुलांना त्यांवर बसवू नये.

हे सारे ज्ञान ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवले त्यांच्याविषयी लिहिल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. मेलेले जनावर ओढणे, सोलणे, कमावणे आणि शिवणे ही कामे समाजाने ज्यांच्यावर लादली त्यांनाच त्या कामासाठी हीन लेखले. चांभार, मांग, आणि तेलंगणाच्या सीमेवरील सिरोंचा-राजुऱ्याकडील मादगी या समाजांनी हे अन्यायाचे ओझे वाहिले, आणि महारांवर मृत गुरे ओढण्याचे वतनी कर्तव्य होते ते वेगळेच. १९२७ साली महाडला डॉ. आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस टाकून देण्याची हाक दिली. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या पाठोपाठ, याच चांद्यात त्यांनी सहस्रावधी लोकांना बौद्ध धम्माची दीक्षा दिली. ज्यांनी ते काम सोडले त्यांनी मानासाठी सोडले आणि ते यथार्थच होते. शेजारच्या वर्ध्यात दुसरा एक मार्ग चोखाळला गेला. १९३४ साली ‘हरिजन’ पत्रात गांधीजींनी ग्रामीण चर्मोद्योगाविषयी लिहिताना दरसाल सुमारे ९ कोटी रुपयांचे कच्चे कातडे देशाबाहेर जाते असा अंदाज दिला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, आणि नालवाडीच्या चर्मालयात गोपाळराव वाळुंजकरांनी स्वतःच्या हातांनी कातडी कमावून हा धंदा कोणत्याही जातीच्या माणसाने करण्याजोगा आहे हे दाखविले. दोन्ही मार्गांमागे एकच वेदना होती, आणि मला त्यांपैकी एकाला श्रेष्ठ ठरवावेसे वाटत नाही. १९७४ साली राज्य सरकारने चर्मोद्योगासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापिले. २०१५ च्या कायद्याने बैलांच्या कत्तलीवर बंदी आल्यावर जाड, टिकाऊ कातडे दुर्मीळ होऊन या कारागिरांची अडचण वाढली. गावठी कमावणीची कुंडे आता दिसेनाशी झाली आहेत. मूल, सिंदेवाही, वडसा येथील बाजाराच्या दिवशी आरी, रापी आणि फर्मा घेऊन बसलेला चर्मकार हाच त्या विद्येचा उरलेला वारस, आणि त्याच्यापाशी थोडा वेळ बसले तर तेल, मेण आणि ओल यांविषयी वर लिहिलेल्यातले पुष्कळसे तो आपल्या शब्दांत सांगतो.

पादत्राणाच्या दुरुस्तीचे महत्त्व किती असू शकते हे वरोऱ्याजवळच्या आनंदवनाने या जिल्ह्याला शिकविले आहे. बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापिली, तिचेच हे आनंदवन. कुष्ठरोगाने ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे त्यांना चपलेच्या कडक झालेल्या पट्ट्याने किंवा वर आलेल्या खिळ्याने पडलेली जखम कळत नाही, ती चिघळते आणि बोटे गमवावी लागतात. मधुमेहाने बधिर झालेल्या पायांचेही तेच. अशा माणसाच्या घरात चामडे मऊ ठेवणे हा आवडीनिवडीचा विषय राहत नाही. दररोज संध्याकाळी चपलेत हात घालून आतली बाजू चाचपावी, ताठरलेला पट्टा दिसला तर त्याच दिवशी त्याला तेलाचा हात द्यावा, आणि भेग पडली असेल तर तो पट्टा बदलून घ्यावा.

शिवण उसवली असता घरी गोंद किंवा झटपट चिकटणारे द्रव्य लावण्याचा मोह आवरावा. ते काचेसारखे कठीण होते आणि त्याच्या कडेला नवी चीर पडते. वस्तू चर्मकाराकडे न्यावी. जुन्या चामड्याला मेण लावलेला सुती दोरा योग्य, कारण नायलॉनचा दोरा चामड्याहून बळकट असल्यामुळे ताण आला की आपण न तुटता चामडेच कापीत जातो. टाके जुन्याच भोकांतून घ्यावयाचे असतात, कारण त्यांच्याशेजारी नवी भोके पाडली तर कातडे त्या रेषेवर फाटते. काम देताना एवढे बोलून ठेवावे. मुरलेल्या कारागिराला ते बहुधा सांगावे लागत नाही, आणि त्याने मागितलेली मजुरी कमी करून मागू नये.